बदली कोण?

प्रवासाच्या आदल्या रात्री डोंबिवलीतल्या एका घराच्या हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या आहेत आणि त्यांच्याभोवती निम्मं घर पसरलं आहे. सुतळीची गुंडी, कपड्यांचे चिमटे, टॉर्च, क्रोसिनची पट्टी, ओव्याची पुडी, आल्याच्या वड्या, एक जुनी चादर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी. प्रत्येक वस्तू आत जाताना दोनच शब्द ऐकू येतात. सुतळी कशाला, तारकर्लीला कपडे वाळत घालायला तार असेलच की! असू दे. टॉर्च? मोबाइलला आहे ना? असू दे. बॅगांच्या चेन लागतात, आणि टेबलाच्या कडेला एक काळी सॅक उरते. तिच्यात ऑफिसचा लॅपटॉप, चार्जर आणि माउस.

घरातली बाई सॅककडे बघते. नवरा, सासूबाई आणि सहावीतली मुलगी तिच्याकडे बघतात.

"असू दे?" ती विचारते. संध्याकाळपासून पहिल्यांदाच या शब्दांना प्रश्नचिन्ह लागलेलं असतं.

‘असू दे’ हा मराठी घरातला फार शहाणा शब्दप्रयोग आहे. रस्त्यात काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही, दुकान सापडेल की नाही ठाऊक नाही, तेव्हा चार जादा वस्तू जवळ असाव्यात, एवढंच त्यामागचं गणित. गरज लागली नाही तर वस्तू घडी न मोडता परत येते. सुतळीने प्रवासभर कुणाचं काही घेतलेलं नसतं. लॅपटॉपचं तसं नाही. तो जवळ असण्यातूनच त्याची गरज उभी राहते. ऑफिसातून फोन येतो तेव्हा काम काय आहे हे सांगण्याआधी एक प्रश्न विचारला जातो : "लॅपटॉप आहे ना जवळ?" या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की त्या कामाला सोमवारपर्यंत थांबण्याचं काही कारणच राहत नाही. ‘नाही’ म्हटलं तर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, "बरं, बघतो मी." त्या ‘बघतो मी’मध्ये बहुतेक वेळा काम होऊनही जातं.

गेल्या वर्षी याच घरातली चार माणसं गणपतीपुळ्याला गेली होती. सॅक बरोबर होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे वाळूत उतरायला निघाले आणि फोन आला. एका कर्मचाऱ्याच्या पगारातून कर जादा कापला गेला होता, तेवढा आकडा बघून द्यायचा होता. "तुम्ही व्हा पुढे, पाच मिनिटांत आले." ती खाली आली तेव्हा अंधार पडला होता. मुलीने वाळूत केलेला किल्ला भरतीने नेला होता. मुलीने तक्रार केली नाही. फक्त फोटो दाखवला, किल्ल्याचा. नंतर वर्षभर त्या सहलीचा विषय निघाला की मुलगी म्हणायची, "तेव्हा आई नव्हती ना." आई तिथेच होती, पन्नास पावलांवरच्या खोलीत. तिला हे वाक्य दुरुस्त करावंसं वाटायचं, पण दुरुस्त करायला त्यात चूक काय आहे ते सापडायचं नाही.

म्हणून या वर्षी मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं हातात आली तेव्हाच विषय निघाला. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्या पहिल्या सकाळी आठच्या ठोक्याला नवरा मोबाइल हातात धरून बसला होता. ठाणे ते कुडाळ, चार जागा. गाडीचं दोन महिने आधी ठरलं. रजेतल्या कामाचं मात्र निघायला पंधरा दिवस उरले तरी ठरलेलं नव्हतं. तेव्हा भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "अगं, तुझी बदली कोण?"

तिला वाटलं, त्या बदलीबद्दल विचारतायत, म्हणजे दुसऱ्या शाखेत जाण्याबद्दल. "माझी कुठे बदली होतेय, आई?"

"ती नव्हे. तू नसलीस की तुझ्या जागी उभं कोण राहणार?"

सासूबाईंचे यजमान लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तिथे ‘बदली’ म्हणजे माणूस. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. हे बदली सकाळी गिरणीच्या दाराशी येऊन थांबत, कुणी गैरहजर असेल तर आत घेतले जात, नसेल तर घरी परत. त्यांच्या वाट्याला फार हाल आले. महिन्यात काम किती दिवस मिळेल याचा भरवसा नसे, आणि वर्षानुवर्षं बदली म्हणूनच राहिलेली माणसं गिरणगावात घरोघर होती. ती व्यवस्था चांगली होती असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती : माणूस रजेवर जाणार आणि साचा चालू राहणार असेल, तर तिथे दुसरे दोन हात लागणार. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी गेलेल्या चाकरमान्याने आपला साचा मालवणला बरोबर न्यावा, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. साचा नेता येत नव्हता, हा त्या लोखंडाचा मोठाच उपकार होता.

अर्थात तेवढीही रजा आपोआप आलेली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मागण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांनी केलेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या आज वाचल्या तर अंगावर काटा येतो, इतक्या साध्या आहेत : रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच असावं, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सत्यशोधक समाजात घडलेल्या, ‘दीनबंधु’ हे पत्र चालवणाऱ्या लोखंड्यांना त्या सुट्टीत नुसती झोप दिसत नव्हती. सहा दिवस मालकाचे आणि सातवा दिवस माणसाचा, त्याच्या घराचा आणि समाजाचा, असा तो विचार होता. त्या दिवशी गिरणीचं दार बंद असे आणि कामगार दाराच्या बाहेर असे. दीड किलोच्या सॅकमध्ये घालून ते दारच घरी आणता येईल, हे १८९० मध्ये कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

सुट्टीवर लॅपटॉप न्यायचा का, हा प्रश्न वयाने अगदी लहान आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे. उचलून नेता येईल म्हणून १९८१ मध्ये विकायला आलेला ऑस्बोर्न संगणक ११ किलोंचा होता. शिलाई मशीनसारखी त्याची पेटी. तो कुणी कुटुंबाच्या सहलीला नेला असता तर मुलांचे कपडे घरी ठेवावे लागले असते. पुढे यंत्रं हलकी झाली, तरी कोकणातल्या गावात गेलेल्या माणसापर्यंत ऑफिस पोचायचं तर अनेकदा तारच करावी लागे, आणि तार म्हटलं की घरातल्या बायका आधी डोळ्यांना पदर लावत. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ‘गावाला रेंज नाही’ हे सांगणं हळूहळू खोटं ठरू लागलं. तरीही असंख्य ऑफिसांतला संगणक टेबलावर खिळलेलाच होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीने तो उठवला. लोकांनी ऑफिसचे संगणक रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणले, नंतर कंपन्यांनी लॅपटॉप दिले, आणि ते परत मागितले नाहीत. या बाईलाही लॅपटॉप त्याच वर्षी मिळाला. त्याआधी ती पंधरा वर्षं पगारपत्रकं करत होती आणि सुट्टीवर जाताना तिने ऑफिसातली एक टाचणीसुद्धा कधी बरोबर नेली नव्हती.

तिचं काम तारखांना बांधलेलं आहे. पगारावर कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, भविष्य निर्वाह निधीचं चलन १५ पर्यंत. सहल मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मुलीची सुट्टी, सासूबाईंचे गुडघे आणि नवऱ्याची रजा या तिन्हींचा मेळ तेव्हाच बसत होता, आणि मेच्या शेवटी पावसाळ्यासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात. म्हणजे १५ तारीख तारकर्लीतच उजाडणार होती.

बँकेत काम करणारी तिची मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "आमच्याकडे असं चालतच नाही." तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार बँकेतल्या संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं लागतं, तेही आधी न सांगता. या दिवसांत त्या माणसाला आपल्या कामाशी संबंधित कुठल्याही कागदाला किंवा संगणकप्रणालीला हात लावता येत नाही, फक्त सर्वांना असतो तो अंतर्गत ईमेल तेवढा बघता येतो. कारण उघड आहे. रोज आपणच झाकायचा असा एखादा घोटाळा कुणी करत असेल, तर दहा दिवस दुसरा माणूस त्या खुर्चीत बसला की तो वर येतो. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेला जानेवारी २००८ मध्ये ४.९ अब्ज युरोंच्या खड्ड्यात घालणारा जेरोम केर्व्हिएल हा व्यवहारकर्ता आदल्या वर्षी जेमतेम चार दिवस रजेवर गेला होता.

बाकीच्या नोकरदारांना चोर समजून हा नियम लावायचं काही कारण नाही. पण नियमाच्या पोटात जे शहाणपण आहे ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. माणूस पूर्ण बाजूला झाला की कामातलं काय काय फक्त त्याच्या डोक्यात आहे ते दिसतं. घोटाळा नसेल, पण एखादा पासवर्ड असतो, एखाद्या फाइलचं विचित्र नाव असतं, ‘त्यांना फोन करताना आधी साहेबांचं नाव सांगायचं’ अशी खूण असते. लॅपटॉप बरोबर नेला की हे सगळं झाकलेलंच राहतं. पुढच्या सुट्टीतही तोच लॅपटॉप न्यावा लागतो, त्याच्या पुढच्याही.

पंधरा दिवस तिने याच कामाला लावले. हाताखालच्या मुलाला शेजारी बसवून एप्रिलच्या कराचं चलन त्याच्याकडून भरून घेतलं, स्वतः माउसला हात न लावता. पहिल्याच तासात अडचण निघाली : बँकेतून पैसे सोडायचा ओटीपी फक्त तिच्या मोबाइलवर येत होता. म्हणजे लॅपटॉप घरी ठेवला असता तरी १५ तारखेला ती तारकर्लीच्या किनाऱ्यावर ओटीपी सांगत बसली असती. हिशेबाच्या साहेबांचा नंबर दुसरे अधिकारी म्हणून नोंदवायला बँकेने चार दिवस घेतले. मग तिने एक वही केली. कोणती फाइल कुठे, कोणाला कधी फोन करायचा, नवीन रुजू झालेल्यांचा भविष्य निर्वाह निधीचा जुना यूएएन क्रमांक कुठे शोधायचा. दोन पानं भरली. वीसेक वर्षांचं काम दोन पानांत मावलं याने तिला थोडं वाईट वाटलं. तेही खरं आहे, आणि रजेच्या चर्चेत ते क्वचितच कुणी बोलतं. आपल्यावाचून अडतं, ही भावना माणसाला उबदार वाटते. लॅपटॉप बॅगेत टाकणाऱ्या हातात साहेबांची भीती असते तशी ही ऊबही असते.

युरोपात या प्रश्नावर बऱ्याच युक्त्या झाल्या. त्यातली सर्वांत थेट म्हणजे जर्मनीच्या डाइमलर कंपनीची, २०१४ मधली. रजेवरच्या कर्मचाऱ्याला आलेला ईमेल आपोआप पुसला जाण्याची सोय तिथे देण्यात आली. पाठवणाऱ्याला उत्तर जाई की हा माणूस रजेवर आहे, तुमचा ईमेल पुसला जातोय, तातडीचं असेल तर अमक्यांशी बोला. पुसण्याची फार चर्चा झाली. महत्त्वाचं होतं ते त्यातलं ‘अमक्यांशी’. सासूबाईंच्या भाषेत, बदली कोण ते तिथे लिहिलेलं होतं.

कायदेही झाले. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांशी कामाबाहेरच्या वेळातल्या संपर्काबद्दल वाटाघाटी करणं भाग आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून नकार अवाजवी नसेल तर कामाच्या वेळेनंतरचा फोन न घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडलं. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कुणी तिकिटं काढू नयेत. तरी हा विषय संसदेत उच्चारला गेला, हे बरं झालं.

सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, हेही मान्य करायला हवं. याच इमारतीत एक कर सल्लागार राहतात. जीएसटीची ११ आणि २० तारीख त्यांना कुठेही गेलं तरी सोडत नाही, आणि त्यांना भरपगारी रजा द्यायला वर कुणी नाही. ते मे महिना जवळजवळ पूर्ण देवगडच्या घरी काढतात, लॅपटॉपसह. सकाळी सात ते दहा पडवीत बसून काम, दहाला झाकण बंद, मग कलमांच्या बागेत. लॅपटॉप नसता तर त्यांच्या मुलांना वडील तीन दिवस मिळाले असते, आता वीस दिवस मिळतात. तिथे लॅपटॉप नेणं योग्यच आहे. अनुवादक, चित्रकार, छोटे कंत्राटदार, सगळे याच रांगेतले.

फरक आहे तो त्या ‘सात ते दहा’मध्ये. लॉरा जुर्जे आणि केटलिन वुली या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की सुट्टीच्या वेळात काम करावं लागलं की त्या कामातलाच रस कमी होतो, पण तोच वेळ मनाशी कामाचा वेळ म्हणून धरला तर ही घट कमी होते. पडवीतल्या तीन तासांना ‘काम’ हे नाव आहे, ते संपल्यावरच्या वेळाला ‘सुट्टी’. ‘असू दे’ म्हणून नेलेल्या लॅपटॉपला असा वेळच नसतो. तो बंद असतानाही अर्धा उघडा असतो. जेवताना, होडीत, रात्री गच्चीवर, कुठेही फोन वाजेल आणि उठावं लागेल या तयारीत माणूस बसतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी ताणातून सावरण्याचा अभ्यास करताना पहिली गोष्ट मानली ती हीच : मनाने कामापासून सुटणं. नुसतं शरीर समुद्रावर नेऊन ते होत नाही. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांच्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, असं दिसलं की सहलीहून परतलेली माणसं घरी राहिलेल्यांपेक्षा एरवी काही अधिक आनंदी नव्हती. अपवाद होता तो ज्यांची सहल अगदी निवांत झाली त्यांचा.

तर, आदल्या रात्रीचा हॉल. वही ऑफिसात पोचली आहे, ओटीपीची सोय झाली आहे, हाताखालचा मुलगा तयार आहे. लॅपटॉप न्यायचं एकही कारण उरलेलं नाही. तरी तिचा हात सॅकच्या बंदावर आहे. सवय किती खोल जाते ते अशा वेळी कळतं.

"कुठल्या दिवशी, किती वाजता उघडणार आहेस?" नवऱ्याने विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सात ते दहा असं काही ती म्हणाली असती तर त्याने सॅक स्वतः उचलून दाराशी ठेवली असती. तिने विचार केला. तिला एकही वेळ सांगता आली नाही.

सॅक कपाटात गेली, हिवाळ्याच्या गोधड्यांवर. सॅकच्या जागेत सासूबाईंनी नारळ फोडायचा कोयता ठेवायला काढला, आणि सगळे एकदम म्हणाले, "आई, कोकणात चाललोय आपण!"

दुसऱ्या दिवशी चिपळूण मागे पडलं. मांडवीत कटलेटवाला दोनदा येऊन गेला होता, सासूबाई खिडकीला डोकं टेकून पेंगत होत्या. उक्षी सोडल्यावर गाडी कारबुडेच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आत शिरताना तिचा फोन थरथरला आणि पडद्यावर अर्धाच निरोप उमटला : "मॅडम, नवीन मुलाचा यूएएन कुठेच..." पुढचं उघडायच्या आत रेंज गेली.

डब्यातले दिवे पिवळे पडले. चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला. मुलीने नेहमीप्रमाणे श्वास रोखायचा खेळ सुरू केला आणि निम्म्यातच सोडून दिला, इतक्या लांब बोगद्यात तो कुणालाच जमत नाही. आई फोनकडे बघत होती. मग तिने फोन मांडीवर पालथा ठेवला, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि मुलीचा श्वास पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. एक, दोन, तीन.

उजेड आला. हिरवं एकदम डोळ्यांवर आदळलं. थोड्या वेळाने भोके स्टेशनाच्या अलीकडे फोन दोनदा थरथरला. "मॅडम, राहू दे. सापडला." आणि खाली : "तुमच्याच वहीत होता. पान दुसरं."

"कोण आहे?" मुलीने विचारलं.

"माझी बदली," ती म्हणाली, आणि कटलेटवाल्याला हाक मारायला उठली.